सनदेविना राज्य : किपलिंगच्या कथा-कवितेतील फ्रीमेसन पदव्या आणि सभासदत्व

प्रस्तावना

पदव्युत्तर इंग्रजीच्या वर्गात रुडयार्ड किपलिंग (१८६५-१९३६) हा लेखक बहुधा एकाच चौकटीतून शिकविला जातो. तो साम्राज्याचा भाट होता की हिंदुस्थानावर मनापासून प्रेम करणारा कलावंत होता, या प्रश्नाभोवती चर्चा फिरत राहते आणि त्याच्या फ्रीमेसनरीचा उल्लेख तळटीपेत येऊन जातो. 'द मॅन हू वुड बी किंग' या कथेतील हस्तखुणा, परवलीचे शब्द, एप्रन आणि 'ग्रँड मास्टर' यांकडे विद्यार्थी केवळ विचित्र तपशील म्हणून पाहतात व पुढे सरकतात. वस्तुतः या कथेचे कथानकच मेसन पदव्यांच्या क्रमावर उभे आहे. कोणत्या पायरीवर कोण उभा आहे आणि पुढची पायरी देण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय ड्रॅव्हॉटचा नाश का होतो हे नीट कळत नाही. प्रस्तुत लेखात ही कथा, 'द मदर-लॉज' ही कविता आणि 'किम' ही कादंबरी यांचा या अंगाने विचार केला आहे.

पदव्यांची रचना

फ्रीमेसनरीचे मूळ पाथरवट आणि गवंड्यांच्या मध्ययुगीन संघटनांत शोधले जाते. १७१७ साली लंडनमध्ये ग्रँड लॉजची स्थापना झाल्याचे परंपरा मानते, तर १७२३ साली अँडरसन यांनी संकलित केलेले नियम छापले गेले. तोवर प्रत्यक्ष दगड घडविणारे सभासद मागे पडले होते आणि गुण्या, ओळंबा, पाणसळ, कर्कटक, छिन्नी ही हत्यारे चारित्र्य घडविण्याची प्रतीके बनली होती. गुण्याने वर्तन काटकोनात ठेवावे आणि पाणसळीने माणसामाणसांतील पातळी एक करावी, असा हा रूपकांचा संसार आहे.

मूळ पदव्या तीन. पहिली एन्टर्ड अप्रेन्टिसची, म्हणजे उमेदवाराची. डोळे बांधलेला, गळ्यात दोर असलेला, अंगावरील धातूची प्रत्येक वस्तू काढून घेतलेला माणूस लॉजच्या दाराशी आणला जातो. त्याने दरिद्री आणि आंधळ्या अवस्थेत यावे, असा त्यामागील संकेत आहे. दुसरी पदवी फेलो क्राफ्टची, म्हणजे शिकून तयार झालेल्या कारागिराची. तिसरी मास्टर मेसनची. या तिसऱ्या पदवीच्या केंद्रस्थानी हायरम अबिफची दंतकथा आहे. सॉलोमनचे मंदिर बांधणारा हा प्रमुख कारागीर. मास्टरचे रहस्य योग्यता येण्याआधीच हिसकावून घेऊ पाहणारे तीन फेलो क्राफ्ट त्याला मंदिराच्या तीन दारांशी अडवितात. तो रहस्य सांगत नाही आणि मारला जातो. खरा शब्द त्याच्याबरोबर हरवतो आणि पुढच्या मास्टरांना मिळतो तो बदली शब्द. सर्वोच्च पायरीवर पोहोचलेल्या माणसाच्या हातीही मूळ वस्तू येत नाही, ही कल्पना साहित्यदृष्ट्या विलक्षण आहे. किपलिंगने तिचा उपयोग कसा केला, हे पुढे पाहावयाचे आहे.

सभासदत्वाचे नियम थोडक्यात असे. अर्जदार सज्ञान पुरुष हवा, त्याचा परमेश्वरावर विश्वास हवा, सभासदांनी त्याचे नाव सुचवावे आणि गुप्त मतदानात काळ्या गोट्या पडल्यास त्याला प्रवेश नाही. शपथ ज्याने त्याने आपापल्या धर्मग्रंथावर घ्यावयाची. लॉज चालू असताना धर्म व राजकारण यांवर वाद घालावयाचा नाही. कोणतेही लॉज ग्रँड लॉजच्या सनदेशिवाय भरविता येत नाही. प्रस्तुत चर्चेत सर्वाधिक महत्त्व आहे ते या शेवटच्या नियमाला.

लाहोरचे लॉज आणि आठवणीतले लॉज

किपलिंगचा जन्म मुंबईचा. वडील जॉन लॉकवुड किपलिंग सर ज. जी. कलाशाळेत अध्यापक होते आणि १८७५ साली ते लाहोरला गेले. तेथील 'सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट'मध्ये काम करीत असताना १८८६ साली 'होप अँड पर्सिव्हिअरन्स' या ७८२ क्रमांकाच्या लॉजमध्ये किपलिंगला दीक्षा मिळाली. तेव्हा त्याचे वय २० वर्षांचे, म्हणजे नियमापेक्षा एकाने कमी होते. त्यासाठी खास सवलत घ्यावी लागली. लॉजला चांगला चिटणीस हवा होता, असे कारण त्याने आत्मकथनात दिले आहे. १९३७ साली, मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनात तो दीक्षेचे वर्ष मात्र १८८५ असे सांगतो. मुसलमान, हिंदू, शीख, आर्य समाज व ब्राह्मो समाजाचे सभासद आणि आपल्या छोट्या समाजाचा पुरोहित व खाटीक असलेला यहुदी द्वारपाल अशी मंडळी तेथे भेटल्याचे तो नोंदवितो.

वर्षाची चूक क्षुल्लक आहे. परंतु तिच्यामुळे एक गोष्ट ध्यानात येते. किपलिंगच्या लेखनातील लॉज हे नोंदवहीतले लॉज नव्हे. दूर गेलेल्या माणसाला आठवणारे ते लॉज आहे. 'द मदर-लॉज' ही कविता 'द सेव्हन सीज' (१८९६) या संग्रहात आली, तेव्हा कवीने हिंदुस्थान सोडून काही वर्षे लोटली होती.

या कवितेचा निवेदक किपलिंग नाही, एक साधा गोरा सैनिक आहे. त्याच्या बोलीत सभासदांची यादी येते. रेल्वेचा, तुरुंगाचा, कमिसरिएटचा एकेक गोरा माणूस, हिशेबनीस बोला नाथ, एडनचा यहुदी सॉल, सर्व्हे कचेरीतील नकाशाकार दीन महंमद, बाबू चक्रवर्ती, शीख अमीर सिंग, रोमन कॅथलिक कॅस्ट्रो आणि 'युरोप-शॉप' चालविणारा फ्रामजी एदलजी. फ्रामजीचे नाव मराठी वाचकाला लगेच ओळखीचे वाटेल. विलायती मालाची पारशी दुकाने त्या काळच्या छावण्यांतून सर्रास असत आणि पश्चिम हिंदुस्थानात मेसन चळवळीत शिरलेला पहिला देशी वर्गही पारशांचाच होता. माणेकजी करसेटजी यांना मुंबईत प्रवेश मिळाला नाही म्हणून त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. पुढे १८४३ साली डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने देशी सभासदांसाठी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज मुंबईत निघाले. (काबूलमध्ये १८४१ साली मारला गेलेला अलेक्झांडर बर्न्स हा या डॉक्टरांचा भाऊ. अफगाण सरहद्द आणि मेसन लॉज ही जोडी किपलिंगच्या कल्पनेच्या आधी इतिहासातच जुळली होती, असे गमतीने म्हणता येईल.) कलकत्त्यात हिंदूंचा प्रवेश अधिक काळ अडला. प्रसन्नकुमार दत्त यांना तो १८७२ साली मिळाला, आणि तोही दीर्घ वादानंतर. अनेक देव मानणारा हिंदू एका परमेश्वरावर विश्वास असल्याची शपथ कशी घेणार, हा त्या वादातील एक मुद्दा होता.

'द मदर-लॉज'ची सर्वात जास्त वाखाणली गेलेली कल्पना म्हणजे बाहेर सलाम-सॅल्यूट आणि आत बंधुत्व. समीक्षकांचा एक वर्ग येथे किपलिंगच्या उदारतेचा पुरावा पाहतो. दुसरा वर्ग म्हणतो की बाहेरची उतरंड टिकावी म्हणूनच आतली समता परवडते. दुसरे म्हणणे अधिक पटण्यासारखे आहे, पण तेही कविता पुरती वाचत नाही. कारण कवितेतच एक अडचण उघडपणे सांगितलेली आहे. या लॉजात मेजवान्या फारशा होत नसत, कारण एखाद्या बंधूची जात बाटेल अशी भीती होती.

मेसन परंपरेत लॉज मिटल्यावरचे सहभोजन हा गौण भाग नाही. बंधुत्व तेथे ताटावर सिद्ध होते. किपलिंगच्या लॉजमध्ये नेमकी तीच जागा रिकामी आहे आणि तिची भरपाई निवेदक धूम्रपान करीत रंगलेल्या गप्पांनी करतो. सभासद आपापल्या परिचयाच्या देवाविषयी बोलत बसतात. ही चर्चा लॉजचे काम संपल्यावर होते, हत्यारे ठेवून दिल्यावर. नियम मोडला जात नाही. धर्मावर बोलता येते, पण एकत्र जेवता येत नाही. लॉजने ओलांडलेली सीमा वंशाची आणि धर्माची आहे. रोटीबंदीच्या सीमेपाशी ते थांबते आणि त्या थांबण्याला सौजन्य असे नाव देते.

येथे मुंबईतील परमहंस सभेची आठवण होणे स्वाभाविक आहे. दादोबा पांडुरंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८४९ च्या सुमारास स्थापन केलेली ही सभाही गुप्त होती आणि तिच्यातही प्रवेशविधी होता. पण तो विधीच मुळी खाण्यापिण्याचा होता. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाणे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी पिणे, ही सभासदत्वाची कसोटी. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा विस्कटली. दोन संस्थांत थेट देवाणघेवाण होती असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. फरक मात्र बोलका आहे. लॉजने जो घास टाळला, तोच सभेने दाराशी ठेवला. लॉज टिकले आणि सभा फुटली, याचे कारणही काही अंशी याच फरकात आहे.

काफिरिस्तानातील तिसरी पदवी

'द मॅन हू वुड बी किंग' ही कथा १८८८ साली अलाहाबादच्या ए. एच. व्हीलर कंपनीने काढलेल्या 'द फँटम रिक्शॉ' या पुस्तकात प्रथम आली. कथेचा आरंभच एका मेसन विनंतीने होतो. इंटर वर्गाच्या डब्यात भेटलेला कार्नेहान निवेदकाला आपल्या आईच्या व तुझ्या आईच्या नावाने गळ घालतो. सामान्य वाचकाला ही साधी गयावया वाटते, जाणकाराला ती मातृ-लॉजची खूण आहे हे कळते. मारवाड जंक्शनवर ड्रॅव्हॉटला निरोप पोचविणारा निवेदक या खुणेने बांधला गेलेला आहे. म्हणजे पुढील सर्व अनर्थात त्याचा छोटासा वाटा आहे आणि कथा तो विसरू देत नाही. दोघे निघताना निवेदक आपल्या घड्याळाच्या साखळीतील छोटा 'कंपास' ड्रॅव्हॉटला देतो. इंग्रजीत हा एकच शब्द दिशादर्शक होकायंत्र आणि मेसन कर्कटक या दोहोंना चालतो. मराठी अनुवादकाला येथे एक अर्थ सोडावाच लागतो.

ड्रॅव्हॉट आणि कार्नेहान २० मार्टिनी रायफली घेऊन काफिरिस्तानात पोचतात. काही टोळ्या जिंकल्यानंतर त्यांना शोध लागतो की तेथील सरदार व पुरोहित फेलो क्राफ्टची हस्तखूण जाणतात. ज्याला ते 'बिली फिश' म्हणतात तो सरदार ती खूण देतो. कार्नेहान मास्टरची खूण करून पाहतो, तिला उत्तर येत नाही. या लोकांना दोन पदव्या ठाऊक आहेत, तिसरी नाही, आणि ती जाणून घ्यावयासाठीच ते आले आहेत. ड्रॅव्हॉटचे डोळे चमकतात. तिसऱ्या पदवीचे लॉज उघडावयाचे आणि ग्रँड मास्टर म्हणून सगळा देश मुठीत घ्यावयाचा, असा त्याचा बेत ठरतो.

या क्षणी कार्नेहान जो आक्षेप घेतो तो कथेचा कणा होय. कोणाचीही सनद नसताना लॉज भरविणे नियमाविरुद्ध आहे आणि आपण दोघांनी तर कोणत्याही लॉजात कधी अधिकारपद भूषविलेले नाही, असे तो सांगतो. देश लुटावयास निघालेल्या या भणंगाला खोटेपणाचे, हिंसेचे, फसवणुकीचे काहीच वाटत नाही. त्याचे मन कचरते ते नियमबाह्य लॉजपाशी. ड्रॅव्हॉट हे मुत्सद्देगिरीचे काम आहे म्हणून तो आक्षेप उडवून लावतो. बायकांकडून एप्रन शिवून घेतले जातात, इम्ब्राच्या देवळात लॉज भरते आणि वृद्ध पुरोहित ड्रॅव्हॉटच्या एप्रनवरील खूण पाहून किंचाळतो. सनदेविना या विद्येशी खेळल्याचे हे फळ, असे कार्नेहानला वाटते. घडते ते उलटेच. पुरोहित ग्रँड मास्टरच्या आसनाचा दगड उलथवितो, तळाची काळी घाण खरवडतो आणि तेथे तीच मास्टरची खूण निघते. इतर पुरोहितांनाही ती तेथे असल्याचे ठाऊक नव्हते. ड्रॅव्हॉट राजा होतो, देव होतो. दहा जणांना तिसरी पदवी दिली जाते. पदवी स्वस्त होऊ नये म्हणून दहाच! विधी शास्त्राप्रमाणे नव्हता पण काम भागले, अशी कार्नेहानची कबुली आहे.

दगडाखालची खूण ही कथेतील सर्वात अवघड जागा आहे. ती योगायोग मानली तर कथा ढिली पडते. ती सत्य मानली तर तिसरी पदवी या लोकांची स्वतःचीच होती, विस्मरणात गेलेली. ड्रॅव्हॉटने काही दिले नाही, त्यांचेच त्यांना परत करण्याचा आव आणला. साम्राज्याच्या ज्ञानव्यवहाराचे याहून नेमके चित्र किपलिंगने क्वचितच काढले असेल. जित लोकांची विद्या धुळीखाली आहे, ती वाचण्याचा अधिकार मात्र बाहेरून आलेल्याकडे, ही एकोणिसाव्या शतकातील प्राच्यविद्येची भूमिका येथे दोन भामट्यांच्या तोंडी आली आहे.

हायरमची दंतकथा या प्रसंगाशेजारी ठेवली की विरोधाभास उघडा पडतो. दंतकथेत फेलो क्राफ्ट रहस्य मागतात, मास्टर ते देत नाही आणि मरतो. कथेत फेलो क्राफ्ट रहस्य मागतात आणि तोतया मास्टर ते उदारपणे वाटतो. नंतर, लग्नाच्या हट्टापायी, वधू म्हणून आणलेली मुलगी त्याला चावते आणि रक्त दिसते. हा देव नाही, सैतान नाही, माणूस आहे असा गलका उठतो. हेच त्याचे खरे रहस्य होते आणि ते त्याच्या तोंडून नव्हे, त्याच्या रक्तातून बाहेर पडते. दोरांचा पूल तोडून त्याला दरीत टाकले जाते. हायरमचे शव मास्टरच्या हस्तखुणेने उठविले जाते. ड्रॅव्हॉटला उठविणारे कोणी नाही. कार्नेहान दोन पाइन वृक्षांमध्ये खिळला जाऊनही वाचतो आणि परततो तो सोनेरी मुकुट घातलेले एक वाळलेले डोके घेऊन. त्याच्या मृत्यूनंतर तेही सापडत नाही. मूळ शब्द हरवतो, तसा हा पुरावाही हरवतो.

आणखी एक तपशील सहसा दुर्लक्षिला जातो. सत्तेच्या शिखरावर असताना ड्रॅव्हॉट हा देश व्हिक्टोरिया राणीच्या चरणी वाहण्याचे बेत रचतो आणि ग्रँड मास्टर म्हणून जे केले त्याबद्दल ग्रँड लॉजकडून मागाहून सवलत मागविण्याचेही ठरवितो. आधी राज्य, मग सनद. हा क्रम वाचकाला इतिहासातून परिचित असावयास हरकत नाही. कंपनीने मुलूख घेतले आणि पार्लमेंटने नंतर कायदे केले. किपलिंगला हे साम्य दाखवावयाचे होते काय, हा प्रश्न फारसा उपयोगी नाही. कार्नेहानच्या तोंडी त्याने जी कसोटी ठेवली, ती दोन भणंगांपाशी थांबावयास तयार नाही, इतके संहितेवरून म्हणता येते. एडवर्ड सैद यांनी 'किम'विषयी म्हटले होते की हिंदुस्थानावरील प्रेम आणि साम्राज्याची सेवा यांत किपलिंगला संघर्ष दिसतच नव्हता. 'किम'पुरते ते ग्राह्य आहे. या कथेत मात्र संघर्ष आहे आणि तो राष्ट्रवादाच्या भाषेत नसून सनदेच्या भाषेत आहे, म्हणून नजरेतून सुटतो.

जॉन ह्यूस्टन यांच्या १९७५ च्या चित्रपटाने हा गुंता सोपा केला. तेथे ड्रॅव्हॉटच्या गळ्यातील मेसन पदक पाहून पुरोहित त्याला सिकंदराचा वारस मानतात. शॉन कॉनरी, मायकेल केन आणि बिली फिशच्या भूमिकेतील सईद जाफरी यांचा अभिनय उत्तमच आहे. पण काफिरांना दोन पदव्या आधीपासून ठाऊक असणे, तिसरीसाठी त्यांचे येणे आणि सनदेचा वाद, हे सारे मागे पडते. राहते ते केवळ अज्ञानी लोकांनी दागिन्यावरून देव ओळखणे. कथेपेक्षा चित्रपट अधिक वसाहतवादी झाला आहे, तो याच ठिकाणी.

अजायबघर आणि जादूघर

'किम' (१९०१) मध्ये सभासदत्व वारशाने येते, आणि तेही कागदाच्या रूपाने. किमच्या गळ्यातील ताइतात बापाचे मेसन कागद व मुलाचा जन्मदाखला शिवलेले आहेत. ते वाचता न येणारी मंडळी त्यांना जादू समजतात. लाहोरच्या संग्रहालयामागील निळ्या-पांढऱ्या इमारतीला, म्हणजे मेसन लॉजला, लोक 'जादूघर' म्हणतात आणि संग्रहालयाला 'अजायबघर'.

ही शेजारशेजारची दोन घरे कादंबरीची दोन टोके आहेत. अजायबघरात ज्ञान काचेच्या कपाटात सर्वांना उघडे आहे. तेथे तिबेटी लामाला आपल्याच परंपरेच्या मूर्ती दिसतात आणि अभिरक्षक, ज्याच्यात लेखकाच्या वडिलांची छाया आहे, त्याला स्वतःचा चष्मा देतो. जादूघरात ज्ञान सभासदांपुरते आहे. लामाला मिळालेली वस्तू दृष्टीची, किमला मिळालेला वारसा ओळखपत्राचा. त्या कागदांमुळेच रेजिमेंट किमला ताब्यात घेते, तो गोरा ठरतो आणि शाळेत धाडला जातो. पुढे हेरगिरीच्या 'ग्रेट गेम'मध्ये परवलीचे शब्द, ताईत, पायऱ्या, परीक्षा हे सारे पुन्हा येते. गुप्तहेर खाते हे किपलिंगने लॉजच्या साच्यात घडविलेले दिसते. मात्र या लॉजात बंगाली हरीबाबू आणि पठाण महबूब अली सभासद असूनही ग्रँड मास्टरच्या आसनावर कर्नल क्रेटनच बसतो.

उत्तरकाळ

पहिल्या महायुद्धात मुलगा गमावलेल्या किपलिंगने 'डेबिट्स अँड क्रेडिट्स' (१९२६) मध्ये लंडनचे एक काल्पनिक लॉज, 'फेथ अँड वर्क्स' क्रमांक ५८३७, उभे केले. तंबाखूविक्रेता बर्जेस आणि त्याचे सहकारी रणांगणावरून आलेल्या जखमी सैनिकांना तेथे विधीत भाग घेऊ देतात. कागदपत्रे हरवलेली, पाठ केलेले शब्द धड न आठवणारी ही माणसे. लाहोरी लॉजात दार कोणाला उघडते हा प्रश्न होता. येथे विधी स्वतःच औषध झाला आहे.

याच संग्रहातील 'द जेनाइट्स' ही कथा त्याची खेळकर बाजू दाखविते. तोफखान्यातील अर्धशिक्षित हम्बरस्टॉल पैसे मोजून जेन ऑस्टेनच्या वाचकांच्या 'गुप्त मंडळात' शिरतो, तिच्या पात्रांची नावे तोफांवर रंगवितो आणि जखमी झाल्यावर त्याच परवलीने एका परिचारिकेच्या कृपेने भरलेल्या आगगाडीत जागा मिळवितो. ऑस्टेन आपण खरोखर वाचतो आहोत की सभासद होण्यासाठी वाचतो आहोत, हे त्याला सांगता येणार नाही. युद्ध संपल्यावरही तो तीच पुस्तके पुन्हा पुन्हा वाचतो. लॉजची साफसफाई चालू असताना तो हे सांगतो आणि ऐकणारे हातातले फडके न थांबविता ऐकतात. त्याच्या तुकडीतील, त्याला या मंडळात घेणारे बाकीचे सर्व सभासद मेलेले आहेत.